सिंकच्या भोकातून निघालेल्या ग्रॅनाइटचा टर्नटेबल बेस

घरात नवा ओटा बसला की सिंकसाठी ग्रॅनाइट कापतात आणि मधला तुकडा निघतो, साधारण 22 बाय 16 इंचाचा. तो एकतर फरशीवाला गपचूप टेम्पोत टाकतो नाहीतर बाल्कनीत कुंडीखाली जातो. आमच्याकडचा दोन वर्षं कुंडीखालीच होता. टर्नटेबल (म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, त्यालाच डेकही म्हणतात) साधारण 45 बाय 35 सेंमीचं असतं, आणि बाहेरची कंपनं सुईपर्यंत जाऊ नयेत म्हणून त्याखाली जड बेस ठेवतात, त्यामुळे हा तुकडा जणू त्याच्यासाठीच कापलाय. 50 बाय 40 सेंमीचा, 20 मिमी जाड दगड भरतो साधारण 11 किलो.

आधी एक गैरसमज काढून टाका, दगड कंपनं शोषून घेत नाही. तो फक्त जड आणि ताठ असतो, म्हणून सहजासहजी हलत नाही, पण टिचकी मारली की स्वतःच वाजतो. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले वाजणारे खांब ग्रॅनाइटचेच आहेत ना! म्हणजे नुसता ग्रॅनाइट डेकखाली सरकवून "बास (खर्जाचा आवाज) कसला टाइट झाला" म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. इंग्लंडमध्ये गॅरार्ड 301 आणि 401 या 1954 आणि 1965 च्या जुन्या डेकना लोक स्लेटचे (पाटीच्या दगडाचे) प्लिंथ, म्हणजे खालचे बेस, बनवतात, तिथेही मोटरची घरघर दाबायला वजन लागतं हे खरं, पण स्लेटच का, तर ती ग्रॅनाइटपेक्षा कमी वाजते असं ते करणारे सांगतात.

तर पहिलं काम, दगड वाजवून बघा. एका कोपऱ्याला दोन बोटांनी धरून लोंबता ठेवा (जड असेल तर दुसऱ्याला धरायला सांगा) आणि बोटाच्या गाठीने मध्ये ठोका. टणण् करून लांबत गेला तर वाजणारा, ठप्प झाला तर बरा. पण ठप्पचा दुसरा अर्थ आत तडा आहे असाही होतो, म्हणून ओला करून बघा, पाणी सुकताना तड्याची रेघ उशिरापर्यंत ओली राहते. दुकानात घेणार असाल तर कडप्पाही वाजवून बघा, स्वस्त असतो, माझ्याकडचा तुकडा तर ग्रॅनाइटपेक्षा कमी वाजला. फक्त कडप्प्याला पापुद्रे सुटलेत का ते कडेने बघायचं, आणि तो चुनखडीच्या जातीचा असल्याने लिंबू किंवा अ‍ॅसिड लागलं की डाग पडतो.

कापणं आणि कडा घासणं फरशीवाल्याकडूनच करून घ्या, पाणी मारत. ग्रॅनाइटच्या कोरड्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते आणि ते नंतर बरं होत नाही, त्यामुळे घरात ग्राइंडर लावायचा विचार सोडा. मी पाय बसवायला स्वतः भोकं पाडायला गेलो होतो, ड्रिल हॅमर मोडवर राहिलंय हे लक्षातच आलं नाही, तिसऱ्या भोकाला कोपरा हातात आला. पाडायचीच असतील तर डायमंड कोर बिट, हॅमर बंद, कमी स्पीड, सतत पाणी आणि दगडाखाली फळी घट्ट दाबून, म्हणजे खालच्या बाजूने कपची उडत नाही. पण खरं तर गरजच नाही, कारण खाली प्लाय येणार आहे, पाय त्याला लावता येतात.

आता मुख्य भाग, सँडविच. दगड वर, मध्ये 3 मिमीची रबर शीट, खाली 18 मिमी मरीन प्लाय. दगड वाजायला लागला की तो किंचित वाकतो, मधलं रबर दोन कडक थरांमध्ये तिरकं ओढलं जातं आणि तिथे ती शक्ती उष्णता होऊन संपते. म्हणून रबर पूर्ण चिकटलेलं हवं, नुसतं ठेवून काम होत नाही. सनमायका लावायचा पिवळा अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मगच जोडा. पण हा अ‍ॅडहेसिव्ह एकदा टेकला की सुटत नाही, वाकडं बसलं की बसलं, त्यासाठी सुताराची युक्ती वापरा, मध्ये झाडूच्या काड्या आडव्या ठेवून वर दगड नीट जुळवा आणि मग मधल्या काडीपासून एकेक काढत दाबत जा. रात्रभर वर वजन ठेवा. सकाळी परत ठोकून बघा, टणण् गेलेलं असेल.

पाय निवडताना बरेच जण फसतात. रबरी पाय वजनाखाली किती दबतात त्यावर सगळं आहे. अडीच मिमी दबले तर वरचा डेक साधारण 10 हर्ट्झला (सेकंदाला 10 वेळा) डुलतो, आणि टोनआर्म-कार्ट्रिजचा (सुईचा दांडा आणि सुई बसवलेलं डोकं) स्वतःचा रेझोनन्सही, म्हणजे आपसूक डुलण्याचा वेगही, 8 ते 12 हर्ट्झच्या आसपासच ठेवतात, म्हणजे नेमके एकमेकांना झोके द्यायचे! एकतर कडक पाय लावा, 1 मिमीपेक्षा कमी दबणारे, नाहीतर खूप मऊ, लहान मुलांच्या सायकलची ट्यूब अर्धवट फुगवून तिच्यावर अख्खा बेस ठेवला तर डुलणं बरंच खाली जातं. दगडाचं खरं काम इथे आहे, त्याच ट्यूबवर वजन जास्त असलं की डुलणं आणखी मंद होतं. आठवड्याला हवा आणि स्पिरिट लेव्हल मात्र बघावी लागते.

लिन एलपी 12 किंवा थोरन्स टीडी 150 सारखं स्प्रिंगवरचं टर्नटेबल असेल तर ट्यूब नकोच, स्प्रिंगवर स्प्रिंग होतं. त्यांना हलकं आणि ताठ टेबल आवडतं. भिंतीवरच्या ब्रॅकेटवर ठेवणार असाल तर डेक धरून वजन 20 किलोच्या वर जातंय हे विसरू नका, विटांची भिंत आणि चांगले अँकर हवेत.

शेवटची परीक्षा फुकट आहे. मोटर बंद, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज नेहमीच्या ऐकण्याइतकाच, आणि बेसवर हलकंच ठोका. स्पीकरमधून जे येतं ते लक्षात ठेवा, मग तेच बेस काढून टेबलावर करून बघा. माझ्याकडे आधी येत होतं "डुंऽऽग", आता नुसतं "ढप" येतं, आणि वर बायको शेजारून चालत गेली तरी सुई जागची हलत नाही.