बागेतल्या खोलीतले सोलर दिवे मंद का जळत होते

कोकणातल्या आमच्या बागेत वीज नाही. खोलीत 12 व्होल्टचे 9 वॅटचे चार एलईडी बल्ब आहेत. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही पडवीतले शेवटचे दोन बल्ब मिणमिणायचे, चारही लावले की लुकलुकायचे.

बल्ब बदलले, पॅनल धुतलं, शेवटी नवी बॅटरीही घेतली. तीन महिने आणि बरेच पैसे वाया गेले, जीव मेटाकुटीला आला.

दोष वायरीत निघाला. रात्री चारही बल्ब चालू ठेवून मल्टिमीटर लावला: बॅटरीवर 12.5 व्होल्ट, शेवटच्या होल्डरवर 10.8. चार बल्बना 3 अँपियर लागतात आणि वायर होती 1 चौरस मिमी, 15 मीटर लांब. करंट जाऊन परत येतो, म्हणून हिशोब 30 मीटरचा धरायचा. नुसत्या वायरीतच दीड व्होल्टच्या वर जात होते. शिवाय पिळून टेप गुंडाळलेला जोड उघडला तर तांबं हिरवं पडलेलं. पावसाळी हवेत असे जोड टिकतच नाहीत.

आधी कंट्रोलरवरून (पॅनल, बॅटरी आणि दिवे ज्याला जोडतात ती पेटी) पॅनल सोडवलं, मग बॅटरी. हा क्रम चुकवू नका. 4 चौरस मिमीची अखंड वायर ओढली, टोकांना लग (धातूची टोकं) दाबून बसवले, कंट्रोलरवर लोडच्या, म्हणजे दिव्यांकडे जाणाऱ्या, धन टोकाशी 5 अँपियरचा फ्यूज घातला. जोडताना उलट, आधी बॅटरी आणि नंतर पॅनल.

आता शेवटच्या होल्डरवर 12.1 व्होल्ट मिळतात. बल्ब जुनेच आहेत.