पिस्तुलाचं मॅगझिन किती राउंडचं घ्यावं?

बालेवाडीला नुकतं शूटिंग सुरू केलेली पोरं असोत नाहीतर आत्ताच बत्तीस बोअरचं (.32) लायसन्स हातात पडलेले लोक असोत, सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, की मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसणारी काडतुसांची पेटी, किती राउंडचं (काडतुसांचं) घेऊ. माझं म्हणणं एकच आहे, तुमचं पिस्तूल मुळात जेवढ्या राउंडसाठी बनवलंय तेवढ्याचंच घ्या, आणि शक्यतो ओरिजिनल कंपनीचंच.

कारण बघा. मॅगझिनच्या आत खाली स्प्रिंग, तिच्यावर फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी), त्यावर काडतुसं आणि वर त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन लिप्स, म्हणजे तोंडाच्या आत वळलेल्या कडा. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे जाऊन पुढे येईपर्यंत पुढचं काडतूस बरोबर उंचीला आलंच पाहिजे. त्याच लांबीत एक राउंड जास्त बसवायचा म्हणजे स्प्रिंगची नाहीतर फॉलोअरची जागा खावी लागते. 1911 मॉडेलचं .45 चं मूळ मॅगझिन 7 चं, नंतर त्याच उंचीत 8 ची आली, चांगली बनवलेली चालतातही, पण स्वस्तातली असली की नेमकी पहिल्या नाहीतर शेवटच्या राउंडला दगा देतात. म्हणजे मोठा आकडा वाईटच असं नाही हां, ब्राउनिंग हाय पॉवर 13 ची आणि ग्लॉक 17 तर 17 ची, पण त्यांचं सगळं डिझाइनच दुहेरी रांगेचं आहे.

9 एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या लायसन्सवर न मिळणारं, त्यामुळे आपला संबंध मुख्यतः .32 आणि .22 शी. .32 च्या काडतुसाची मागची कड किंचित बाहेर आलेली असते, आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, स्लाइड ढकलते पण राउंड जागचा हलत नाही, याला रिमलॉक म्हणतात. म्हणून भरताना प्रत्येक राउंडची कड खालच्याच्या पुढेच राहील असं बघा, घाईघाईत कोंबू नका. .22 ची कड तर पूर्ण बाहेर असते, तिथे अजूनच जपा. 25 मीटरच्या मॅचमध्ये सिरीज 5 शॉटचीच असते, महिलांच्या रॅपिड फेरीत तर दर शॉटला फक्त 3 सेकंद मिळतात, तिथे 10 चं मॅगझिन घेऊन करणार काय? 5 राउंड न अडकता गेले पाहिजेत, बस.

आता चेक कसं करायचं. हे रेंजवरच करायचं, नळी टार्गेटकडे, घरात जिवंत राउंड भरून ट्राय करू नका. मॅगझिन पूर्ण भरा आणि वरचा राउंड अंगठ्याने दाबा, थोडा तरी खाली गेला पाहिजे. दगडासारखा घट्ट लागला किंवा स्लाइड बंद असताना मॅगझिन आत बसवायला जोरात थाप मारावी लागली, तर एक राउंड कमी भरायचा, त्यात काही कमीपणा नाही. मग ज्या कंपनीची काडतुसं नेहमी वापरणार तीच घालून पूर्ण भरलेलं मॅगझिन शेवटपर्यंत चालवा, परत भरा, परत चालवा. लायसन्सवर काडतुसांची मर्यादा असते, राउंड महाग पडतात, सगळं मान्य, पण इथे कंजूषी नको.

जॅम (राउंड अडकणं) कुठे होतो ते लिहून ठेवा. पहिल्याच राउंडला होत असेल तर बहुतेक वेळा आत फार गच्च झालंय. शेवटच्या एक-दोन राउंडला होत असेल, किंवा मॅगझिन रिकामं झाल्यावर स्लाइड मागे थांबायला हवी ती थांबत नसेल, तर आधी स्प्रिंगवर संशय घ्या. स्प्रिंग ओढून लांब करणं, लिप्स पकडीने वाकवणं असले उद्योग घरी अजिबात करू नका, लायसन्सवाल्या डीलरकडून नवीन स्प्रिंग टाकून घ्या. बेसप्लेट (मॅगझिनच्या तळाची पट्टी) बदलून दोन राउंड वाढवायची आयडिया कोणी दिली तर त्याला विचारा, स्प्रिंग पण त्या मापाची देतोयस का?

प्रत्येक मॅगझिनच्या तळाला पेंटने नंबर टाका, नाहीतर दोन सारखी दिसणारी असली की नेमकं कोणतं अडकलं ते कळतच नाही. आणि नवीन स्प्रिंग टाकूनही तोच नंबर परत अडकला तर मॅचच्या बॅगेतून तो बाहेर काढा.