घाटात गाडी झटके देतेय? आधी कॉइलची अदलाबदल करून बघा
मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात जुनी पेट्रोल गाडी झटके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय तर रेस देत बसू नका हो, बाजूला घ्या, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीचा धूर साफ करणारा भाग, जाळतं आणि तो खर्च खरंच रडवतो. दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी आणा.

मग ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) असेल तर पहिल्याची दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड पुसा, नाशिकमध्येच द्वारका ते पाथर्डी फाटा चक्कर मारा, पी०३०२ आला की कॉइलच गेलीय, नाहीतर प्लग बघा, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा, आटे जातात. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र लगेच इंजिन बंद.