लग्नाची डीव्हीडी कॉपी करताय? या चुका टाळा

कपाटातून लग्नाची डीव्हीडी काढली, लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह जोडला, कॉपी-पेस्ट दाबलं. हिरवी पट्टी निम्म्यावर आली आणि तिथेच अडकली. मग 'सायक्लिक रिडन्डन्सी'चा एरर, म्हणजे डिस्कवरची माहिती नीट वाचता येत नाही. आमच्याकडे हेच झालं, आणि त्यात आधी विकतचे सिनेमे कॉपी करण्यात दोन रविवार घालवून घरची डिस्क मागे ठेवली होती. दुकानातली डिस्क साच्यात दाबून बनवतात, ती टिकते. फोटोग्राफरने राइट करून दिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उकाडा, दमट हवा त्याला सोसत नाही. म्हणून घरची डिस्क आधी.

तिच्यासाठी फोटोग्राफरला विचारायला हवं का? सहसा नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17: पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक करवून घेणारा, वेगळा करार नसेल तर. मात्र वरातीच्या दृश्यांना जोडलेलं सिनेमातलं गाणं त्यामुळे तुमचं होत नाही.

डिस्क अडकली की लोक ती शर्टाला गोल गोल पुसतात. हे करू नका. माहिती गोलाकार वाटेनेच लिहिलेली असते. त्या दिशेने ओरखडा गेला तर सलग मोठा भाग जातो. मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ पुसा. पुन्हा पुन्हा कॉपी दाबत बसण्यापेक्षा दुसरा ड्राइव्ह बघा. डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर आधी धड भाग वाचून घेतं, खराब जागांची नोंद ठेवतं आणि नंतर तिकडे वळतं. आमची डिस्क शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर निघाली. मंगलाष्टकं पूर्ण आली, फक्त अंतरपाट धरलेल्या मामांच्या तोंडावर थोडा वेळ चौकोन दिसतात.

दुसरी नेहमीची गफलत: डिस्कवरच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधली पहिलीच मोठी व्हीओबी फाइल (यात चित्र-आवाज असतो) उचलणं. चित्रीकरण एकेक जीबीच्या तुकड्यांत असतं, सप्तपदी पुढच्या तुकड्यात राहून जाते. अख्ख्या डिस्कची आयएसओ फाइल (डिस्कची जशीच्या तशी एकच फाइल) करा आणि ती शेवटपर्यंत चालवून बघा.

आता विकतचे सिनेमे आणि नाटकं. 2012च्या दुरुस्तीनंतर कलम 52मधली खासगी, वैयक्तिक वापराची सवलत सिनेमालाही लागू होते. कलम 65-अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने डिस्कवरचं कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे भारतात हेतूला महत्त्व आहे. मूळ डिस्क विकून कॉपी ठेवली, किंवा फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली, तर 'बॅकअप घेतला' हे सांगायला तोंड उरत नाही. कलम 63ची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड 50 हजार ते दोन लाख.

परदेशातल्या नातेवाइकांना मात्र आपला नियम सांगू नका. अमेरिकेत 1998च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने कुलूप तोडण्यालाच मनाई आहे, डिस्क स्वतःची असली तरी. ब्रिटनने 2014 साली खासगी कॉपीला मुभा दिली होती, ती 2015 साली कोर्टाने रद्द केली. आणि इथून नेलेली रीजन 5ची डिस्क (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी त्याचा क्रमांक) तिकडे लागली नाही म्हणून ड्राइव्हची रीजन सेटिंग सारखी बदलू नका. साधारण पाचदाच बदलता येते, मग शेवटचा रीजन कायमचा चिकटतो.