क्लबच्या स्मरणिकेसाठी तरुण क्रिकेटपटूची मुलाखत कशी घ्यावी

क्लबच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या उदयोन्मुख खेळाडूची मुलाखत हमखास असते आणि ज्याचे मराठी बरे आहे असा सभासद त्या कामाला आयताच सापडतो. मुंबईच्या मैदानी क्रिकेटच्या आसपास राहून मी हे काम काही वर्षे केले आहे. सुरुवातीला माझे प्रश्न ठरलेले असत: आदर्श खेळाडू कोण, अविस्मरणीय खेळी कोणती, क्रिकेटव्यतिरिक्त छंद कोणते. उत्तरेही ठरलेली येत: सचिन किंवा रोहित, गेल्या मोसमातले शतक, गाणी ऐकणे. एका वर्षी छपाईच्या गडबडीत दोन मुलाखतींची अखेरची पाने एकमेकींना जोडली गेली आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही, इतके दोन्ही मजकूर सारखे होते. दोष मुलांचा नव्हता. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला ‘तुझ्यावर कोणाचा प्रभाव आहे’ असे विचारले, की तो तोंडी परीक्षेला बसल्यासारखे सुरक्षित उत्तर देतो. त्याच्याशी वस्तूंबद्दल, माणसांबद्दल आणि विशिष्ट दिवसांबद्दल बोलावे, म्हणजे प्रभाव त्यातून आपसूक कळतो, एवढीच माझी पद्धत आहे.

तयारी स्कोअरबुकापासून करावी. खेळाडूला भेटण्याआधी क्लबच्या गुणलेखकाकडून गेल्या दोन-तीन मोसमांची पुस्तके मागून घ्यावीत आणि खेळाडूच्या नावासमोरच्या धावांपेक्षा त्या धावांच्या भोवतीच्या नोंदी अधिक बारकाईने वाचाव्यात: तो कितव्या क्रमांकावर आला, तेव्हा धावफलक काय होता, समोर कोण खेळत होता, तो बाद कसा झाला. नुसत्या आकड्यांवर विसंबले तर फसगत होते, विशेषतः कांगा लीगच्या बाबतीत. १९४८ साली सुरू झालेली मुंबईतल्या क्लबांची ही स्पर्धा परंपरेने पावसाळ्यातल्या रविवारी खेळली जात आली आहे. न झाकलेली, भिजलेली खेळपट्टी आणि बाहेर वाढलेले गवत, यांमुळे जमिनीलगतचा फटका सीमारेषेपर्यंत पोचणे अवघड होते, म्हणून फलंदाजाला चेंडू उचलून मारण्याचा धोका पत्करावा लागतो आणि तीस-पस्तीस धावाही सामना फिरवून जातात. हे ठाऊक नसलेला मुलाखतकार ‘कांगामध्ये अजून शतक का नाही’ असे विचारून बसतो, आणि पुढचा तासभर मुलगा त्याला हूं की चूं करत नाही.

भेटीची वेळ सामन्याच्या दिवशी ठेवू नये. शून्यावर बाद झालेला मुलगा बोलत नाही आणि शतक काढलेला मुलगा फक्त शतकाबद्दल बोलतो. नेटचा सराव संपून सामान आवरण्याची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. तेथे प्रशिक्षक किंवा वडील उपस्थित नसावेत, हे मात्र कटाक्षाने पाहावे, कारण ‘सर’ समोर असले की मुलगा प्रत्येक वाक्य त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पूर्ण करतो. मुलगा किंवा मुलगी अल्पवयीन असेल, तर पालकांची परवानगी आधी घ्यावी आणि पालकांना हाकेच्या अंतरावर, पण कानाच्या टप्प्याबाहेर बसवावे.

पहिला प्रश्न विचारूच नये. किटबॅग उघडायला सांगावी आणि एकेक वस्तू बाहेर काढताना ती कोठून आली एवढेच विचारावे. बॅट नवी घेतली की कोणाकडून आली, हँडल किती वेळा बदलले, टेप कोणी लावली, हेल्मेट स्वतःचे आहे की क्लबचे, अशी विचारपूस करण्यातून घरची परिस्थिती, क्लबातले नातेसंबंध आणि मुलाचा स्वभाव अर्ध्या तासात उलगडतो. एका मुलीच्या डाव्या पॅडच्या तीन पट्ट्यांपैकी मधली पट्टी निळी होती. ती शाळेच्या जुन्या दप्तराची होती आणि आईने सामन्याच्या आदल्या रात्री हाताने शिवली होती. टाके बाहेरून दिसू नयेत म्हणून पट्टी उलटी लावली होती, त्यामुळे बक्कल आतल्या बाजूला येऊन पहिल्या धावेलाच पोटरीला टोचू लागले. पण आईला वाईट वाटेल म्हणून मुलीने ते घरी सांगितले नव्हते. ‘माझ्या यशात आईचा मोठा वाटा आहे’ हे वाक्य त्या मुलाखतीत कोठेही लिहावे लागले नाही.

यानंतर आदर्शांचा विषय काढायला हरकत नाही, मात्र दूरचित्रवाणीवरच्या खेळाडूपाशी थांबू नये. क्रिकेटमधला खरा प्रभाव पुष्कळदा घरातून किंवा वरच्या फळीतल्या एखाद्या क्लबमित्राकडून येतो. सुनील गावसकरांच्या बाबतीत तो मामाकडून, म्हणजे कसोटीपटू माधव मंत्रींकडून आला. मामाकडे भारतीय संघाचा स्वेटर मागितला, तेव्हा तो स्वतः घाम गाळून मिळवायचा असतो असे उत्तर मिळाले, ही आठवण गावसकरांनीच लिहून ठेवली आहे. पुढे ते मंत्रींच्याच दादर युनियन क्लबकडून खेळले. सांगलीच्या स्मृती मानधनाने बॅट हातात घेतली ती भाऊ श्रवण याचे बघून. २०१३ साली १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद २२४ धावा काढल्या, तेव्हा हातातली बॅट राहुल द्रविडने भावाला दिलेली होती. द्रविडचे नाव येथे येते, पण भावाच्या मार्फत. मुलाखतकाराने शोधायचा असतो तो हा मधला माणूस. त्यासाठी ‘कोणाची सवय तू उचललीस’, ‘बाद होऊन तंबूत आल्यावर कोणाकडे बघायची भीती वाटते’, ‘माळी तुला काय हाक मारतात’ असे प्रश्न उपयोगी पडतात. माळ्यांचा प्रश्न मी आवर्जून विचारतो. खेळपट्टीची निगा राखणारा माणूस मुलाला लहानपणापासून पाहत असतो आणि त्याने ठेवलेले टोपणनाव बहुधा सगळ्यांत अचूक असते.

आठवणींच्या भागात सर्वाधिक वेळ द्यावा, कारण येथेच स्कोअरबुक आणि माणूस यांची गाठ पडते. एका ऑफस्पिनरने मला सांगितले, की सोळाव्या वर्षी क्रॉस मैदानावर भर पावसाच्या दिवसांत त्याने ४८ धावा काढून संघाला सावरले होते. पुस्तकात त्याच्या नावासमोर १९ धावा होत्या. अशा वेळी दोन चुका होऊ शकतात: एक म्हणजे ४८ जसेच्या तसे छापणे, आणि दुसरी म्हणजे मुलाला खोटे पाडणे. मी ते पान त्याच्यापुढे ठेवले आणि गडी बाद झाल्याची रांग दोघांनी मिळून वाचली. सहावा गडी ७१ वर पडला होता, सातवा ११९ वर. ४८ ही भागीदारी होती, आणि पाच वर्षांत ती त्याच्या मनात त्याची एकट्याची झाली होती. मुलगा ओशाळला, मग हसला आणि समोरच्या टोकाला कोण होते ते सांगू लागला. बँकेत नोकरी करणारा, चाळिशीला टेकलेला एक फलंदाज प्रत्येक षटकानंतर खेळपट्टीच्या मध्यावर येत असे, स्वतःच्या बुटांचे तळवे बॅटच्या कडेने ठोकून खिळ्यांतला चिखल पाडत असे आणि या मुलाचे बूट ठोकून झाल्याशिवाय पुढच्या षटकासाठी आपल्या जागी परतत नसे. फलंदाजीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मुलगा आजही मे महिन्यात, धूळ उडत असलेल्या मैदानावर, षटक संपले की बूट ठोकतो, आणि प्रतिस्पर्धी त्याला हसतात. ‘प्रभाव’ या मथळ्याखाली मला जे हवे होते ते अशा रीतीने बेरीज-वजाबाकीतून मिळाले.

चांगल्या दिवसांइतकेच बाकावर बसून काढलेल्या दिवसांबद्दल विचारावे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेकडून विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली हे सर्वांना पाठ आहे. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेल्या अमोल मुजुमदारला मात्र त्या डावात खेळायलाच मिळाले नाही. रणजी पदार्पणात २६० धावा काढूनही त्याची भारतीय संघात कधी निवड झाली नाही, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. बारावा खेळाडू म्हणून पाणी नेणाऱ्या, निवड चाचणीतून दोनदा परत आलेल्या मुलाकडे या बाबतीत सांगण्यासारखे पुष्कळ असते, फक्त त्याला ते सांगण्यासारखे वाटत नसते.

मैदानाबाहेरच्या आयुष्याचा भाग ‘छंद’ या शब्दाने सुरू करू नये. सकाळी उठल्यापासूनचा दिवस घड्याळाप्रमाणे सांगायला लावावा. विरार, बदलापूर किंवा पालघरहून येणाऱ्या मुलाचा मोठा काळ लोकलमध्ये जातो: किटबॅग घेऊन कोणत्या डब्यात चढतो, लगेजच्या डब्यातली कोणती माणसे ओळखीची झाली, जेवण कोठे होते, महाविद्यालयातील हजेरीचे काय करतो, महिन्याचा खर्च कोण उचलते. मुंबई क्रिकेटमध्ये खेळ आणि पोटापाण्याचा उद्योग पूर्वापार शेजारी-शेजारी नांदत आले आहेत. अजित वाडेकर भारताचे कर्णधार होते आणि स्टेट बँकेचे अधिकारीही होते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही कसोटी न खेळलेले मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गातही असत, आणि त्यांना ओळखणारे लोक दोन्ही गोष्टी एका दमात सांगत. भारतीय महिला संघातली फलंदाज जेमिमा रॉड्रिग्ज हॉकी खेळली आहे आणि गिटार वाजवते. अशी एखादी गोष्ट तुमच्या खेळाडूकडे असेल तर ती त्याला प्रत्यक्ष करताना पाहावी. नसेल तर ओढूनताणून आणू नये.

गरिबीच्या बाबतीत हात राखून लिहावे. भारताचा फलंदाज यशस्वी जयस्वाल लहानपणी आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला आणि त्याने पाणीपुरी विकली ही कथा इतक्या वेळा छापली गेली, की पुढे त्याच्या प्रशिक्षकांनीच तिच्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या मुलाने वर्षानुवर्षे काढलेल्या धावा पाणीपुरीच्या त्या एका गाडीमागे झाकल्या जात होत्या. वडिलांचा व्यवसाय मजकुरात येत असेल तर तो पहिल्या परिच्छेदात नको, आणि मथळ्यात तर नकोच. ‘उद्याचा सचिन’ हे शब्दही वर्ज्य समजावेत. त्या ओझ्याखाली काय होते ते मैदानावर बसणाऱ्या कोणालाही विचारावे.

लिहिताना मुलाची भाषा राखावी. ‘सर बोलले, फ्रंट फूट काढ’ याचे ‘गुरुवर्यांनी मला पुढचा पाय काढण्याचा सल्ला दिला’ असे झाले की मुलगा गेला आणि निबंध उरला. संबोधनाचाही घोळ पुष्कळ ठिकाणी दिसतो: प्रत्यक्षात ‘अरे, तू’ म्हणणारा लेखक छापताना ‘आपण’ लिहितो. वयाने लहान खेळाडूला तोंडी ‘तू’ म्हटले असेल तर छापतानाही ‘तू’च ठेवावे. नोकरी करणाऱ्या, ज्येष्ठ खेळाडूला मात्र ‘तुम्ही’ हेच योग्य. छायाचित्र करंडकासह न घेता सरावाच्या वेळचे घ्यावे. राहत्या इमारतीचे नाव, शाळा आणि रोजच्या गाडीची वेळ यांपैकी काहीही छापू नये.

मजकूर तयार झाल्यावर छापखान्यात देण्याआधी खेळाडूला वाचायला द्यावा आणि दोन दिवस थांबावे. तथ्याची चूक असेल तर स्कोअरबुकाशी ताडून बदल करावा. घरातली एखादी गोष्ट नको असे तो म्हणाला तर कारण न विचारता ती काढावी. त्या ऑफस्पिनरने मला प्रत परत केली, तेव्हा तिच्यात एकच दुरुस्ती होती. भागीदारीच्या वाक्यात त्याने स्वतःचे नाव खोडून त्या बँकेतल्या गृहस्थाच्या नावानंतर टाकले होते, आणि समासात पेन्सिलीने लिहिले होते, की धावा त्यांच्या जास्त होत्या. मी पुस्तक पुन्हा काढून पाहिले. त्यांच्या २४ होत्या आणि उरलेल्या पाच अवांतर.