मणक्याच्या दुखापतीचं केंद्र: दर्जा कसा तपासायचा
खाटा मोजत बसू नका, आधी पेशंटची पाठ बघा. दाखल झाल्यानंतर किती जणांना नव्याने बेडसोर (एकाच जागी पडून दाबाने होणाऱ्या जखमा) झाले, हा आकडा दर महिन्याला काढा. दर २ तासांनी कूस बदलल्याची नोंद हवी. रात्रपाळीचा सगळा तक्ता एकाच बैठकीत भरलेला दिसला, तर तो खरा धरू नका. माकडहाड आणि टाचा स्वतः बघा, लाली दाबून जाते का ते तपासा. नळीने लघवी दर ४ ते ६ तासांनी, एका वेळी ५०० मिलीच्या आत निघावी. इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा वर असेल आणि अचानक डोकं ठणकून बीपी चढलं, तर पेशंटला लगेच बसवायचं, कपडे सैल करायचे, लघवीची नळी तुंबली आहे का बघायचं. वॉर्डातल्या मावशींनाही हे पाठ हवं.