कॅम्पर व्हॅनने कोकण, वाटेत नातेवाईक : या चुका टाळा

दोघंच निघालात. आत पलंग, पाण्याची टाकी आणि संडास असलेली व्हॅन भाड्याने ठरली आहे. ताम्हिणीतून माणगाव, पुढे श्रीवर्धन, मग किनाऱ्याकिनाऱ्याने दापोली, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्यापर्यंत जायचा बेत आहे. वाटेत एक आत्या, दोन मामा, आणि लग्नापासून "एकदा तरी या हो" म्हणणारी मावशी. बेत झकास आहे. पण तयारी बहुतेक जण करतात ती समुद्राची. कुठला सूर्यास्त बघायचा, मासे कुठे खायचे, ड्रोन उडवता येईल का. या प्रवासात समुद्र फारसा त्रास देत नाही. गाडी अडते ती आत्याच्या दारात.

याला कारणही आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण या गाड्यांना पाणी भरायला, सांडपाणी रिकामं करायला, वीज घ्यायला किनाऱ्यावर ठरलेल्या जागा अजून फारशा नाहीत. त्यामुळे व्हॅनचा सगळा भार नातेवाईकांच्या विहिरीवर, मीटरवर आणि संडासावर येतो. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

"गाडी दारापर्यंत येते ना?" असं विचारणं

या प्रश्नाला कोकणात एकच उत्तर मिळतं : "हो हो, येते की! परवाच टेम्पो आला होता." तो टेम्पो म्हणजे छोटा हत्ती. तुमची व्हॅन फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली असेल, तर छतावरचा एसी आणि सोलर पॅनल धरून तिची उंची तीन मीटरच्या आसपास जाते. वाडीत शिरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं असतात, वरून फणसाची फांदी आडवी आलेली असते आणि खांबावरून घराकडे गेलेली वायर मधोमध लोंबत असते. मामा रोज या रस्त्याने स्कूटरवरून जातो. त्याने ती वायर कधी पाहिलेलीच नसते.

म्हणून प्रश्न बदला. विचारा, "एसटी कुठवर येते, आणि वळते कुठे?" एसटी जिथवर येते तिथवर तुमची गाडी जाते. एसटी जिथे वळते तिथे तुमचीही वळते. त्यापुढचा रस्ता आधी पायी जाऊन बघा, मगच गाडी घाला. मोबाइलवरच्या नकाशाचा या बाबतीत काडीचा उपयोग नाही. तो जवळचा रस्ता म्हणून पाखाडी, म्हणजे पायवाट दाखवतो, आणि पाखाडीला पायऱ्या आहेत हे दिवे लागायच्या वेळी, मागे दोन दुचाक्या उभ्या असताना कळतं.

तशा वेळी काय करायचं? पहिलं म्हणजे गाडी पुढे नेऊन "बघू, वळायला जागा मिळेल" हा मोह सोडायचा. दोघांपैकी एकाने खाली उतरायचं, मागे जाऊन उभं राहायचं आणि गाडी आरशात बघत हळूहळू मागे घ्यायची. खाली उतरलेल्याने नजर चाकांकडे कमी आणि वर जास्त ठेवायची, कारण गडग्याला घासलेला पत्रा दुरुस्त होतो, पण तुटलेल्या वायरीने अख्खी वाडी अंधारात जाते. आणि हो, मागे घेताना नवरा-बायकोचं भांडण होतंच. खुणा आधी ठरवून ठेवल्यात तर थोडं कमी होतं.

गाडी उभी करायला देवळापुढचं मैदान, शाळेचं पटांगण किंवा एसटीची वळायची जागा सोडून तिच्या कडेची जमीन चांगली. अर्थात विचारून. देवळाच्या जागेसाठी नातेवाईकालाच विश्वस्तांशी किंवा गुरवाशी बोलू द्या. गावात त्याच्या शब्दाला वजन असतं, तुमच्या आगाऊ बुकिंगला नसतं.

दोन जागा मात्र कटाक्षाने टाळा. एक, माडाखालची. सावली बघून मोह होतो, पण वरून सुकं झाप किंवा नारळ आला तर सोलर पॅनलची काच जाते. दुसरी, आंब्याच्या हंगामात कलमांच्या बागेकडे जाणारी वाट. एप्रिल-मेमध्ये पेट्या उचलायला टेम्पो कधीही येतो, अगदी रात्रीसुद्धा. त्याची वाट अडवून तुम्ही आत मच्छरदाणी लावून झोपलात, तर मामा काही बोलणार नाही. मामी बोलेल.

फेरीबोटीचं तिकीट बघणं, पाणी न बघणं

श्रीवर्धनकडून येताना बागमांडला-वेसवी फेरी सावित्री ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात सोडते. पुढे दाभोळ-धोपावे वाशिष्ठीवर आणि तवसाळ-जयगड शास्त्रीवर. मुरूड-जंजिऱ्याकडून आलात तर त्याआधी आगरदांडा-दिघी. या फेऱ्यांमुळे मोठे वळसे वाचतात. दाभोळची फेरी चुकली तर दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूण करत जावं लागतं.

गाडी बोटीवर बसते का, हा प्रश्न सहसा येत नाही, कारण या बोटींवर ट्रकसुद्धा चढतात. अडचण येते ती चढताना. व्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असतो आणि खाली पाण्याचे पाइप, स्टेपनी, पायरी असं काहीबाही लटकत असतं. ओहोटीला पाणी खाली जातं, धक्क्याचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, बोटीची फळी तिरकी होते आणि गाडीचा मागचा भाग खाली टेकतो.

यावर जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे. ती उधाणाची असल्यामुळे पाणी सगळ्यात खाली जातं. नेमकी हीच पहिल्या फेरीची वेळ, आणि "पहाटे निघून पहिली फेरी पकडू" म्हणणारे इथेच अडकतात. त्या दिवशी निवांत चहा घ्या आणि दहानंतर जा. घाईच असेल तर बोटीवरच्या माणसाला गाडीचा मागचा भाग दाखवा. तिरकं चढवायचं की सरळ, ते तो सांगतो. त्याचं ऐका, पहिल्या गिअरमध्ये चढा आणि मध्येच थांबू नका.

पलीकडे उतरल्यावर मावशीच्या घरी गोड्या पाण्याने गाडीची खालची बाजू धुऊन घ्या. खारं पाणी पत्र्याला सोडत नाही.

वाळूत गाडी घालू नका, एवढं सांगून हा विषय संपवतो. रिकामी चारचाकीसुद्धा रुतते, आणि भरती ट्रॅक्टर येईपर्यंत थांबत नाही. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असाल, तर किनाऱ्यालगत हेडलाइट आणि गाडीबाहेरचे दिवेही बंद ठेवा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येऊन समुद्राकडे जातात आणि उजेडाने भरकटतात.

घराचा प्लग म्हणजे हक्काची वीज समजणं

भाड्याच्या जाहिरातीत "एसी" लिहिलेलं असतं. बॅटरीवर तो किती वेळ चालेल, हे नसतं. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट खातो. म्हणजे तासभरसुद्धा नाही. लिथियम बॅटरी असेल तर दीड-दोन तास. मे महिन्यातल्या देवगडात रात्र त्याहून मोठी असते. म्हणून मग आत्याच्या पडवीतून वायर ओढली जाते.

ती ओढताना तीन गोष्टी बघा. प्लग पाच अँपिअरचा आहे की पंधराचा? छोट्या प्लगला ॲडाप्टर लावून एसी चालवला तर प्लग वितळतो. एक्स्टेन्शनची वायर जाड हवी आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली हवी, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. आणि एसी चालू असताना इंडक्शन किंवा गिझर लावू नका. एसी आणि दोन हजार वॅटचा गिझर मिळून चौदा अँपिअर होतात. जुन्या घरात अजून किटकॅट, म्हणजे चिनीमातीचा तारेचा फ्यूज असतो, तो उडतो, आणि घरातल्या सगळ्यांची रात्र पंख्याशिवाय जाते.

*गाडीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.* घराला अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. आधी पायात चप्पल घाला, घरातलं बटण बंद करा, मग वायर काढा. "थोडंसंच लागतंय" म्हणून चालवू नका. दव पडलेल्या अंगणात अनवाणी आलेल्या माणसाला ते थोडंसं लागत नाही. वायरमन येऊन बघेपर्यंत त्या घराची वीज घ्यायची नाही.

*एसी नुसता घुमतो, थंड करत नाही.* संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं. १८०-१९० पर्यंत उतरलं की कॉम्प्रेसर धड सुरू होत नाही आणि तसाच रेटला तर जळतो. बंद करून रात्री उशिरा पुन्हा लावा.

*पंप आवाज करतो, नळाला पाणी नाही.* बहुतेक वेळा टाकी रिकामी असते, नाहीतर विहिरीचा गाळ पंपाच्या जाळीत बसलेला असतो. जाळी काढून धुवा, नळ उघडा ठेवून हवा जाऊ द्या. पुढच्या वेळी पाणी भरताना पाइपच्या तोंडाला जुनं सुती कापड बांधा.

पाण्याचं अजून एक. कोकणात पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात पडतो, तरी मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. शंभर लिटरची टाकी भरण्याआधी विचारा. घरची माणसं नाही म्हणणार नाहीत, म्हणून तर विचारायचं.

संडासाची गोष्ट शेवटपर्यंत न काढणं

काढायला हवी, आणि फोनवरच. गाडीतल्या कॅसेट टॉयलेटची, म्हणजे खालची टाकी बाहेर काढता येणाऱ्या संडासाची, टाकी साधारण अठरा-वीस लिटरची असते. दोघांना दोन-तीन दिवस पुरते. मग ती कुठेतरी ओतायची असते. ओहोळात, समुद्रात, नारळीच्या आळ्यात कदापि नाही. बंद संडासातच. म्हणजे बऱ्याचदा नातेवाईकांच्या. पाहुणे हातात टाकी घेऊन माजघरातून चालले आहेत, हे दृश्य कोणालाच नको असतं. मागच्या दाराने जायची सोय आहे का, हे आधी विचारलेलं बरं. गावातल्या घरांना शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी असते, आणि फॉर्मल्डिहाइड असलेलं निळं रसायन त्या टाकीतले जिवाणू मारतं. एन्झाइमवालं रसायन वापरा. टाकी काठोकाठ भरायची वाटही बघू नका. पाऊण भरली की रिकामी करा, कारण कोकणातल्या वळणांवर ती हिंदकळते.

"आम्ही गाडीतच झोपू" हे दारात सांगणं

इथे भले भले चुकतात. तुमच्या दृष्टीने तो समजूतदारपणा असतो : त्यांना त्रास नको, गादी नको, चादरी नकोत. त्यांच्या कानाला ते वेगळंच ऐकू येतं. मालवणात मामी तोंडावर विचारेल, "घर आसताना गाडयेत कित्याक निजतास?" दापोलीची आत्या विचारणार नाही, पण पुढच्या चार लग्नांत सांगेल.

उपाय एकच. हे फोनवर, आठवडाभर आधी सांगायचं, आणि सोबत दुसरं काहीतरी मागायचं. "आत्या, झोपायला गाडी आहे, पण सकाळची अंघोळ आणि मऊभात तुझ्याकडे." काही मागितलं की पाहुणचार पुरा होतो. घरात म्हातारं माणूस असेल तर मात्र हट्ट सोडा आणि एक रात्र ओटीवर झोपा. गाडीत काय, पुढच्या मुक्कामालाही झोपता येतं.

एका दिवसात दोन घरं ठेवू नका. कोकणात "पाच मिनिटं डोकावून जातो" असं काही नसतं. डोकावलात की ताट वाढलं जातं. शिमग्याच्या दिवसांत तर तारखा विचारल्याशिवाय निघूच नका. ग्रामदेवतेची पालखी घरी यायच्या दिवशी घरातल्यांचं लक्ष तुमच्याकडे नसणार आणि रस्ता पालखीचा असणार.

चालकासह व्हॅन घेतली असेल तर तो कुठे झोपणार, कुठे जेवणार, हे निघण्याआधी ठरवा. यजमानांना तिसरं पान अचानक कळू नये.

वानोळा कुठेही ठेवणं

वेंगुर्ल्यापर्यंत पोचेस्तोवर गाडीत तीस नारळ, दोन आंब्याच्या पेट्या, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, कुळथाचं पीठ आणि एक फणस जमा होतो. नाही म्हणता येत नाही. पण हे सगळं मागच्या पलंगाखाली कोंबलं की मागचा धुरा बसतो आणि पुढचं चाक हलकं पडतं. जड सामान दोन धुऱ्यांच्या मध्ये, खाली, दोरीने बांधून ठेवा. फणस वरच्या कप्प्यात ठेवलात, तर आरे-वारेच्या उतारावर तो तुमच्या डोक्याशी येईल. आगळाच्या बाटल्या सिंकमध्ये उभ्या करा, सांडलं तरी धुता येतं. आंबे पिकायला लागलेले असतील तर छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीत वास इतका भरतो की डोकं धरतं.

परतताना गाडी येतानापेक्षा बरीच जड असते. म्हणून घाट चढण्याआधी पाण्याची टाकी आणि सांडपाणी दोन्ही रिकामं करा आणि टायरमधली हवा तपासा. वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे चढताना इंजिनचं तापमान वर जायला लागलं तर पुढचा एसी बंद करा. तरी उतरलं नाही तर रुंद जागा बघून थांबा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. येताना ताम्हिणी उतरतानाचा नियम वेगळा. तिथे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, पाय सारखा ब्रेकवर ठेवायचा नाही. जळका वास आला की थांबायचं आणि ब्रेक गार होऊ द्यायचे.

व्हॅन परत देण्याआधी गॅसचा कॉक, टॉयलेटची टाकी आणि पलंगाखालची वाळू बघून घ्या. अनामत रक्कम बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी कापली जाते. निघताना गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले होते ना? ते तेव्हा उघडा.